मुक्या सोबत्याचा वियोग

पुणे शहराच्या पूर्वेस, मुळामुठेच्या काठी खराडी हे गाव वसले आहे. १९९७ साली ते पुणे महानगरपालिकेत आले आणि आज तेथे संगणक कंपन्यांच्या उंच इमारती उभ्या आहेत. परंतु त्यापूर्वी पिढ्यान्‌पिढ्या ते शेतकऱ्यांचेच गाव होते. अशा गावातील मुलांची जनावरांशी ओळख रांगत्या वयातच होई. पुणे जिल्ह्यात पुष्कळ ठिकाणी भाद्रपद अमावास्येस पोळा असतो. आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना हळद व लोणी चोळतात. त्यास खांदेमळणी म्हणतात. दुसऱ्या दिवशी शिंगे रंगवून, पाठीवर झूल घालून त्यांना पुरणपोळीचा घास भरवितात. या सर्व खटपटीत घरातील मुले सर्वांच्या पुढे!

आता बैलांच्या जागी कुत्री व मांजरे आली आहेत. जिव्हाळा मात्र तोच आहे. शाळेतून परतलेल्या मुलास त्याचे कुत्रे गुण विचारीत नाही की रागावत नाही. ते नुसते धावत येऊन बिलगते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्याकडे एकदा कोणातही न मिसळणारा एक मुलगा आणला गेला. त्यांचा जिंगल्स नावाचा कुत्रा त्याच्याजवळ गेला, तेव्हा त्या मुलाने त्यास पोटाशी धरले. पुढे त्या कुत्र्याच्या सोबतीतच त्याचा संकोच ओसरू लागला. या अनुभवावर लेव्हिन्सन यांनी १९६२ साली लेख लिहिला.

असा सोबती मरण पावला म्हणजे मुलाचा सारा दिवसच रिता होतो. जेवताना पोळीचा तुकडा सवयीने बाजूस काढला जातो आणि मग आठवण होते. अशा वेळी मोठी माणसे म्हणतात, “रडतोस काय? दुसरे आणू.” त्यांचा हेतू चांगला असतो. पण फुटलेली पाटी बदलावी तसा सोबती बदलता येत नाही. मुलाने ‘एक कुत्रे’ गमावलेले नसते. त्याने ‘ते’ कुत्रे गमावलेले असते.

लहान मुलास मृत्यूचा अर्थ एकदम कळत नाही. गेलेला जीव परत येत नाही, ही गोष्ट बहुतेक मुलांना सातव्या वर्षाच्या सुमारास नीट उमगते. त्याआधी “तो झोपला आहे” असे सांगितले, तर काही मुलांना झोपेचीच भीती वाटू लागते. “गावाला गेला” म्हटले, तर मूल दाराशी वाट पाहत बसते. त्यापेक्षा खरे ते सौम्य शब्दांत सांगणे बरे. मुलास रडू द्यावे, त्या जनावराच्या गोष्टी सांगू द्याव्यात, आणि निरोप देताना त्यालाही जवळ असू द्यावे.

हे दुःख मोठेपणी विसरले जाते, असेही नाही. साने गुरुजींचे बालपण कोकणात पालगड येथे गेले. फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात असताना, त्यांनी ‘श्यामची आई’ हे पुस्तक अवघ्या काही दिवसांत लिहून काढले. आईच्या आठवणी लिहिता लिहिता त्यांना घरची मोरी गाय आठवली. आईच्या हातावाचून दुसऱ्या कोणास दूध काढू न देणारी. गुरुजींचे वय तेव्हा तेहेतीस वर्षांचे होते, आणि मोरीचा गोठा रिकामा होऊन कितीतरी वर्षे लोटली होती. तरीही एक संपूर्ण प्रकरण त्यांनी तिच्यासाठी लिहिले.