गोत्रीपासून नदीपर्यंत : शहरातले हरितमार्ग कसे आखले जातात?

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्या सभासदांचे पत्ते बरेच बदलले. रावपुरा, दांडिया बाजार, बाबाजीपुरा या जुन्या भागांतली अनेक मराठी कुटुंबे आता गोत्री, वासणा, भायली, सेवासी या बाजूला स्थिरावली आहेत. घरे मोठी झाली, हवा मोकळी मिळाली. पण संध्याकाळी पाय मोकळे करायला निघालेल्या आजी-आजोबांना गाड्यांच्या मधूनच वाट काढावी लागते आणि मुलांना सायकलवर शाळेत पाठवायला आईवडिलांचे मन धजत नाही. या प्रश्नावर अनेक शहरांनी शोधलेले एक उत्तर म्हणजे हरितमार्ग. हे मार्ग काय असतात, ते कसे आखले जातात आणि आपल्या भागात त्यांना वाव कुठे आहे, हे या लेखात सोप्या शब्दांत मांडत आहोत.

हरितमार्ग म्हणजे काय?

बाग एका जागी असते. हरितमार्ग ही झाडांच्या सावलीतली लांब, सलग पट्टी असते. तिच्यावरून चालता येते, सायकल चालवता येते, चाकाची खुर्ची नेता येते आणि मोटारींना तिथे मज्जाव असतो. ती पट्टी बाग, तलाव, शाळा, दवाखाना, बाजार अशी रोजच्या जाण्यायेण्याची ठिकाणे एकमेकांना जोडते. अशा अनेक पट्ट्या एकमेकींना मिळाल्या की त्यांचे जाळे तयार होते. या जाळ्याचा उपयोग ते सलग असण्यात आहे. दोन किलोमीटरची सुंदर वाट मोठ्या चौकात येऊन संपली आणि पुढे रस्ता ओलांडायची सोय नसली, तर लोक तिथे गाडीने येतात, चार फेऱ्या मारतात आणि गाडीनेच परत जातात.

वडोदऱ्याचा वारसा

हा विचार आपल्या शहराला परका नाही. शहराच्या नावातच वड आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या काळात १८७९ मध्ये कमाटी बाग उभी राहिली, तीही विश्वामित्रीच्या दोन्ही काठांवर. नदीला पाठ न दाखवता तिला बागेत सामावून घेण्याची दृष्टी त्या रचनेत दिसते. आजव्याचा सयाजी सरोवर प्रकल्प शहराच्या पाण्यासाठी १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्ण झाला.

त्यानंतरची एक घटना मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. स्कॉटलंडचे विख्यात नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१६ मध्ये बडोदा शहराच्या विकासावर आणि विस्तारावर एक स्वतंत्र अहवाल लिहिला. गेडिस मूळचे जीवशास्त्रज्ञ होते. डॉक्टर रोग्याला तपासतो तसे आधी शहर पायी फिरून तपासावे आणि मगच उपचार ठरवावा, असा त्यांचा आग्रह असे. सरसकट पाडापाडीला त्यांचा विरोध होता. डासांच्या भीतीने तलाव बुजवण्यापेक्षा ते स्वच्छ राखावेत, हेही त्यांनी हिंदुस्थानातल्या आपल्या कामात वारंवार सांगितले. पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभागाची सुरुवात त्यांच्याच हातून झाली. हरितमार्गांची आखणी आजही याच क्रमाने होते : आधी पायी पाहणी, मग नकाशा.

जागा कुठे सापडते?

भरवस्तीत नवी जमीन मिळणे कठीण असते. म्हणून आखणी करणारे आधी पाण्याच्या वाटा शोधतात. नदीकाठ, ओढे, कालव्याच्या कडा आणि तलावांचे काठ या सलग असलेल्या आणि बांधकामापासून मोकळ्या ठेवायच्या जागा असतात.

वडोदऱ्यात अशा वाटा पुष्कळ आहेत. पावागडच्या बाजूने येणारी विश्वामित्री शहरातून वळणे घेत वाहते. तिच्या दोन्ही बाजूंना कोतरे, म्हणजे मातीच्या खोल घळी आहेत. शहराचे पावसाचे पाणी वाहून नेणारे भूखी, रूपारेल, मसिया असे कांस आहेत. जोडीला गावोगावचे तलाव आहेत, आपला गोत्रीचा तलाव त्यांपैकीच एक.

सिंगापूरने १९९० च्या दशकापासून नेमका हाच मार्ग धरला. पावसाळी कालव्यांच्या कडेला देखभालीसाठी राखलेल्या पट्ट्यांवर वाटा करून त्यांनी बागा एकमेकींना जोडल्या. आज ते जाळे ३०० किलोमीटरहून मोठे आहे. पुण्यात कोरेगाव पार्कमधल्या एका नाल्याकाठच्या दुर्लक्षित जागेवर ओशो तीर्थ ही बाग उभी राहिली. पुणेकर तिला नाला पार्क म्हणूनही ओळखतात. घाण वाटणाऱ्या ओढ्याकाठीही सावलीची वाट होऊ शकते, एवढे या उदाहरणावरून पटावे.

वाट चांगली कशी होते?

पहिली गोष्ट रुंदी. भारतीय रस्ते परिषदेच्या निकषांनुसार पादचारी मार्गाची अडथळामुक्त रुंदी किमान १.८ मीटर हवी, म्हणजे चाकाच्या दोन खुर्च्या समोरासमोर आल्या तरी जाऊ शकतात. सायकलीही चालणार असतील तर याहून बरीच जास्त जागा लागते. जिथे चढ आहे तिथे पायऱ्यांसोबत उतार हवा, आणि तो एकास बारापेक्षा तीव्र नको.

दुसरी गोष्ट सावली. आपल्याकडच्या मे महिन्यात सावली नसलेली वाट सकाळी नऊनंतर ओस पडते. वड, पिंपळ, कडुनिंब, करंज आणि पाण्याकाठी अर्जुन व जांभूळ ही इथल्या मातीत रुळलेली झाडे आहेत. झटपट वाढते म्हणून सर्वत्र लावलेल्या कोनोकार्पसच्या लागवडीवर गुजरात सरकारने २०२३ मध्ये बंदी आणली, हेही लक्षात ठेवावे.

तिसरी गोष्ट सुरक्षितता. वाटेवर दिवे हवेत, बाजूच्या सोसायट्यांची फाटके तिच्याकडे उघडायला हवीत आणि लोकांची सतत ये-जा हवी. दोन्ही बाजूंना उंच भिंती असलेली वाट कितीही हिरवी असली तरी अंधार पडल्यावर बायका-मुले तिथे जात नाहीत.

नदीकाठी सांभाळून

हरितमार्ग म्हटले की साबरमतीचा काठ डोळ्यांसमोर येतो. पण विश्वामित्रीची प्रकृती वेगळी आहे. साबरमती रुंद आहे. विश्वामित्री अरुंद, वळणावळणाची आहे आणि तिच्यात शेकडो मगरी राहतात. भरवस्तीतल्या नदीत इतक्या मगरी असणे ही जगातही विरळा गोष्ट आहे. मगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे. ती काठाच्या मातीत अंडी घालते. काठ सिमेंटने बांधला तर तिचे घर जाते आणि ती वस्तीत शिरते.

पुराचा प्रश्नही याच्याशीच जोडलेला आहे. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस कोसळला. ऑगस्ट २०२४ मध्ये नदी धोक्याच्या पातळीच्या कितीतरी वर गेली आणि आपल्यातल्या अनेकांच्या घरांत पाणी शिरले. कोतरे आणि सखल पूरमैदाने पुराचे पाणी काही काळ धरून ठेवतात. ती भरून इमारती उभ्या राहिल्या की तेच पाणी आपल्या तळमजल्यावर येते. राष्ट्रीय हरित लवादाने २५ मे २०२१ च्या निकालात विश्वामित्रीच्या पूरक्षेत्राची आखणी, कोतरांचे रक्षण आणि अतिक्रमणे दूर करण्यावर भर दिला, तो यासाठीच.

म्हणून नदीजवळची वाट काठाला चिकटून नसावी, वरच्या पातळीवर असावी. ती मातीची किंवा पाणी मुरू देणारी असावी. चार दिवस पाण्याखाली गेली तरी फार बिघडू नये, आणि मगरींच्या वावराच्या जागी तिने दूर वळण घ्यावे. अशी राखलेली पट्टी पुराला जागा देते आणि वर्षाचे उरलेले दिवस आपल्याला चालायला मिळते.

गोत्री परिसरातली संधी

पश्चिमेकडची गावे झपाट्याने शहरात येत आहेत. सेवासी, भायली, बिल ही गावे २०२० मध्ये महापालिकेच्या हद्दीत आली. आपल्या दृष्टीने कळीचा मुद्दा इथेच आहे. गुजरातेत नवा भाग वसवताना १९७६ च्या नगररचना कायद्याखाली टीपी स्कीम करतात. सगळ्या मालकांच्या जमिनी एकत्र धरून, प्रत्येकाकडून काही हिस्सा घेऊन रस्ते, बागा, शाळा यांसाठी जागा काढतात आणि उरलेली जमीन नीट आकाराच्या भूखंडांच्या रूपाने मालकांना परत देतात. बागा व मोकळ्या जागांसाठी कायद्यात साधारण पाच टक्क्यांची तरतूद आहे.

हे पाच टक्के विखुरलेल्या लहान चौकोनांत वाटायचे की कांस, तलाव यांच्या कडेने सलग ठेवायचे, हे आराखडा करतानाच ठरते. एकदा योजना अंतिम होऊन भूखंडांवर इमारती आल्या की सलग पट्टी काढणे जवळपास अशक्य होते. प्रारूप योजना जाहीर झाल्यावर संबंधितांना हरकती व सूचना देण्यासाठी एक महिना मिळतो. मालकांची सभा त्याआधीच होते.

एक उदाहरण घेऊ. गोत्री तलावापासून पश्चिमेला गेले की सेवासीला १५४३ सालची विद्याधर वाव आहे. आणखी पुढे सिंधरोटला महीचा काठ लागतो. तलाव, वाव आणि नदी यांना जोडणारी सावलीची सलग वाट झाली, तर आजोबांचा फेरफटका, मुलांची शाळा आणि रविवारची इतिहाससहल तिघांचीही सोय होईल.

सभासदांना आमची विनंती एवढीच आहे. ज्यांची या भागात जमीन किंवा घर आहे, त्यांनी आपला भूखंड कोणत्या टीपी स्कीममध्ये येतो ते पाहून ठेवावे आणि प्रारूप जाहीर होताच सलग हिरव्या पट्टीची मागणी लेखी करावी. सोसायटीच्या मागून कांस जात असेल, तर तिथे कचरा व भराव पडू देऊ नये. आणि तरुण मंडळींनी एखाद्या रविवारी आपल्या भागातली पाण्याची वाट पायी फिरून, कुठे सावली आहे, कुठे अडथळा आहे, कुठे रस्ता ओलांडता येत नाही, याची नोंद नकाशावर करावी. सूचना देताना असा नकाशा हाताशी असला की अधिकाऱ्यांशी बोलणे सोपे जाते.