टी-शर्ट छापताय?

पालखी मुक्कामाचे स्वयंसेवक, कॉलेजचं गॅदरिंग, कंपनीचा सुरक्षा सप्ताह: आकुर्डीत टी-शर्ट छापायला निमित्तं भरपूर. दहा-वीस नगांना डीटीएफ (डायरेक्ट-टू-फिल्म) सोयीचं. फिल्मवर चित्र, त्यावर गोंदाची पावडर, मग साधारण 150 अंशांवर प्रेस. कापड सुती असो वा पॉलिएस्टर, काळं असो वा पांढरं, चालतं. पण छातीभर चित्र घेतलंत तर घामाच्या दिवसांत प्लास्टिक चिकटवल्यासारखं वाटतं. डीटीजीची (डायरेक्ट-टू-गारमेंट) शाई थेट सुती धाग्यात मुरते, हाताला मऊ लागते. गडद कापडाला मात्र आधी द्रावण मारावं लागतं. सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेनं शाईची वाफ करून रंग कापडात उतरवणं, फिकट पॉलिएस्टरवरच, कारण त्यात पांढरी शाई नसते. क्रिकेटच्या जर्सीला तेच घ्या. शंभरावर नग, एकच रंग? मग या डिजिटल पद्धतींचा नाद सोडा, स्क्रीन प्रिंटिंगच परवडतं.