मिश्र अभ्यासक्रम : समज आणि वस्तुस्थिती

वर्गातले शिकणे आणि ऑनलाइन शिकणे एकमेकांवर अवलंबून असतील, तरच अभ्यासक्रम मिश्र ठरतो. झालेल्या तासाचे चित्रीकरण किंवा टिपणांची पीडीएफ व्हॉट्सॲप गटावर टाकली की काम झाले, हा सर्वांत पसरलेला गैरसमज आहे. ती फाइल कोणी उघडली नाही तरी दुसऱ्या दिवशीचा तास जसाच्या तसा होणार असेल, तर ती केवळ पुरवणी.

आखणीची सुरुवात साधनापासून नव्हे, उद्दिष्टापासून होते. उदाहरणार्थ, भिवंडीजवळच्या राहनाळ परिसरात गोदामे भरपूर आणि त्यांचे भाडे चौरस फुटावर ठरते. क्षेत्रफळाचा पाठ तिथे सहज रुजू शकतो. चौरस फूट आणि चौरस मीटर यांचा संबंध मुलांनी घरी छोट्या व्हिडिओतून पाहावा, दोन-तीन प्रश्न सोडवावेत. उत्तरे शिक्षकाने तासाआधी पाहिली, तर कोण कुठे अडले ते कळते. मग वर्गात व्याख्यान कशाला? टेप घेऊन खोलीची फरशी मोजायची, अडलेल्यांजवळ बसायचे. चुका जिथे लगेच दुरुस्त होतात, तिथेच शिक्षकाचा वेळ खर्ची पडावा.

पूर्ण व्याख्यान ऑनलाइन ठेवणेही चुकीचे. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरील सुमारे 69 लाख व्हिडिओ-सत्रे तपासणाऱ्या 2014 च्या अभ्यासात व्हिडिओ कितीही लांब असला, तरी तो पाहण्याचा मध्यक काळ सहा मिनिटांपलीकडे गेला नाही.

मिश्र पद्धतीने निकाल आपोआप सुधारतो, या समजाला अमेरिकेच्या शिक्षण विभागाच्या 2009 च्या अहवालाचा आधार दिला जातो. मिश्र गट निव्वळ वर्गातल्या गटांपेक्षा काहीसे सरस ठरले, हे खरे. पण त्या गटांना बहुधा जादा वेळ आणि जादा साहित्यही मिळाले होते, हे अहवालातच नमूद आहे. शिवाय शालेय मुलांवरील अभ्यास त्यात फार थोडे होते. श्रेय माध्यमाचे नव्हे, वाढीव सरावाचे असू शकते.

‘40 टक्के ऑनलाइन’ हा आकडाही असाच विपर्यस्त होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मे 2021 च्या टिपणातली ती उच्चशिक्षणासाठी सुचवलेली कमाल मर्यादा आहे. ती गाठणे बंधनकारक नाही, आणि शाळांना ती लागूही नाही.

राहिला प्रत्येक मुलाकडे मोबाईल असण्याचा प्रश्न. घरात एकच फोन असेल आणि तो कमावत्या माणसाबरोबर कामावर जात असेल, तर ‘दुपारी चारला सर्वांनी जोडा’ ही आखणीच सदोष. काम दोन दिवसांच्या मुदतीचे असावे. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडने उघडणारे दीक्षा ॲपवरील बरेचसे साहित्य आधी उतरवून घेता येते, मग इंटरनेट लागत नाही. शाळेतल्या एका टॅबवर चार मुलांचा गटही हे काम करू शकतो.

शिक्षकाचे कष्ट मात्र कमी होत नाहीत. पहिल्या वर्षी तर ते वाढतातच, कारण साहित्य निवडणे, प्रश्न रचणे आणि उत्तरे वाचणे ही कामे तासाच्या बाहेरची असतात. वेळापत्रकात त्यांना जागा हवी.