बेस गिटारचा पिकअप बदलण्यापूर्वी

विद्युत् बेस गिटारचे लाकडी अंग बहुधा भरीव असते. सतारीच्या भोपळ्यासारखी नाद घुमविणारी पोकळी त्यास नसते. तारेच्या कंपनाचे विद्युत्-संकेतात रूपांतर करून तो वर्धकाकडे धाडण्याचे कार्य तारांखाली बसविलेला पिकअप करतो. त्यामुळे आवाज मनासारखा लागेना, की पिकअप बदलण्याचा विचार वादकाच्या मनात येतो. परंतु चांगला पिकअप स्वस्त नसतो आणि त्यासाठी एकदा कोरलेले लाकूड पुन्हा भरून येत नाही. यास्तव खरेदीपूर्वी त्याचे शास्त्र समजून घेणे हिताचे ठरते.

चुंबकीय क्षेत्रात बदल झाला असता जवळच्या वेटोळ्यात विद्युत्-दाब निर्माण होतो, हे मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली दाखविले. पिकअपमध्ये चुंबक व त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. चुंबकामुळे वरची पोलादी तार स्वतःही किंचित चुंबकित होते. ती कंप पावू लागली, की वेटोळ्यातील क्षेत्र त्याच लयीत बदलते. नायलॉनच्या तारेला हा पिकअप दाद देत नाही, त्याचे कारण हेच.

मात्र हे वेटोळे घरातील वीजवाहिन्यांचे क्षेत्रही तितक्याच तत्परतेने टिपते. भारतात विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो. बेस गिटारची सर्वांत खर्जाची मोकळी तार सेकंदाला सुमारे ४१, तर तिच्या शेजारची ५५ कंपने करते. म्हणजे विजेची गुणगुण नेमकी या दोन तारांच्या मध्ये येऊन बसते. तिला गाळून टाकू पाहिल्यास वाद्याचा खर्जच गाळला जाईल.

यावर उपाय म्हणजे दोन वेटोळी. एकाचे वेढे दुसऱ्याच्या उलट दिशेने घ्यावयाचे व चुंबकाचे ध्रुवही उलट ठेवावयाचे. मग तारेचे संकेत एकमेकांत मिळतात आणि बाहेरची गुणगुण परस्परांना छेदते. गिब्सन कंपनीचे सेथ लव्हर यांनी अशा रचनेच्या एकस्वासाठी १९५५ साली अर्ज केला. फेंडर कंपनीच्या १९५१ सालच्या प्रिसिजन बेसमध्ये एकच वेटोळे होते. १९५७ साली त्याचे दोन तुकडे करून प्रत्येकाकडे दोन-दोन तारा सोपविण्यात आल्या. १९६० सालच्या जॅझ बेसमध्ये दोन स्वतंत्र पिकअप आले. दोन्ही सारख्याच जोरात ठेवले, की अशा जोडीची गुणगुण शमते.

येथेच खरेदीदार फसतो. जोडीतील एकच पिकअप बदलला आणि नव्याची वेढ्यांची दिशा व ध्रुव राहिलेल्या पिकअपसारखेच निघाले, तर गुणगुण कायम राहते. दोहोंपैकी एकच गोष्ट जुळली, तर आवाज पोकळ व क्षीण होतो. नव्या पिकअपची दोन टोके अदलाबदल करून क्षीणता जाते, पण ध्रुव सारखेच असतील तर मग गुणगुण परत येते. म्हणून राहणाऱ्या पिकअपवर साधे होकायंत्र धरून त्याचा ध्रुव आधीच पाहावा आणि त्याच्या उलट ध्रुवाचा, उलट वेढ्यांचा जोडीदार मागावा.

विक्रेते पिकअपचा रोध किलोओहममध्ये सांगतात आणि अधिक आकडा म्हणजे अधिक जोर, असा समज रूढ आहे. वस्तुतः वेढे वाढल्याने जसा रोध वाढतो, तसा केवळ तार बारीक घेतल्यानेही वाढतो. आवाजाची जात बऱ्याच अंशी वेटोळ्याची प्रवर्तकता व केबलची धारिता मिळून ठरवितात. ४ हेन्री प्रवर्तकता व ६०० पिकोफॅरड धारिता असेल, तर सेकंदाला सुमारे ३,२०० कंपनांपाशी उठाव येतो व त्यापलीकडील उपस्वर मंदावतात. केबलची लांबी निम्मी करून धारिता ३०० वर आणली, तर हाच उठाव सुमारे ४,६०० वर जातो. तेव्हा बोजड वाटणारा आवाज कधी कधी नुसत्या आखूड केबलनेही मोकळा होतो.

पिकअपची जागाही तितकीच महत्त्वाची. सामान्य बेस गिटारची तार सुमारे ८६४ मिलिमीटर लांबीवर कंप पावते. घोडीपासून २१६ मिलिमीटरवर, म्हणजे चतुर्थांशावर, मोकळ्या तारेचा चौथा उपस्वर निश्चल असतो. तेथे ठेवलेल्या पिकअपला तो जवळजवळ ऐकूच येत नाही. घोडीच्या निकट मूळ स्वर दुबळा होतो व उपस्वर पुढे येतात. हा भेद महागडा पिकअपही पुसू शकत नाही.

तेव्हा क्रम असा ठेवावा. प्रथम नव्या तारा चढवाव्यात. नंतर पिकअपची उंची स्क्रूने कमी-अधिक करून पाहावी. चुंबक फार जवळ आल्यास तार ओढली जाऊन स्वर डळमळतो. मग आतील डाख व जोडण्या तपासाव्यात. एवढ्यानेही समाधान न झाल्यास जुन्या पिकअपची लांबी, रुंदी व स्क्रूंमधील अंतर मोजून घ्यावे. जॅझ बेसच्या गळ्याकडील व घोडीकडील पिकअपच्या लांबीत काही मिलिमीटरांचा फरक आढळतो, आणि तेवढ्यासाठी पटाशी हाती घेण्याची वेळ येते. मापे, ध्रुव आणि अपेक्षित नाद या तिन्ही गोष्टी कागदावर लिहून जो दुकानात जातो, त्याचा पैसा वाया जाण्याचा संभव फार थोडा.