अ‍ॅरेतून पानावर उतरताना

वाचनालयाच्या पुस्तकयादीचं पान उघडलं की वाचकाला एक साधा तक्ता दिसतो: पुस्तक, लेखक, शिल्लक प्रती. तो तयार होताना पाहणं मला फार आवडतं. डेटाबेसमधून आलेल्या नोंदी पीएचपीत एका अ‍ॅरेत जमतात. नवशिका तो अख्खा अ‍ॅरे ‘एको’ करतो आणि पानावर पुस्तकांऐवजी नुसता ‘अ‍ॅरे’ हा शब्द उमटतो. नोंदी एकेक करूनच बाहेर काढाव्या लागतात, आणि त्यासाठी ‘फॉरईच’ हा लूप आहे. तो पीएचपी 4 मध्ये, 2000 साली आला.

टेबलचा टॅग लूपच्या बाहेर राहतो, आत फक्त ओळ. टेबल आत गेलं तर प्रत्येक पुस्तकाला स्वतंत्र तक्ता मिळतो. एचटीएमएलच्या गर्दीत महिरपी कंस कुठे मिटला ते शोधत बसण्यापेक्षा मी लूप संपवायला ‘एंडफॉरईच’ लिहिणं पसंत करतो.

खरी काळजी घ्यायची ती नोंदीतला मजकूर छापताना. नावात कोनी कंस असेल, तर ब्राउझर त्याला टॅग समजेल. कुणी मुद्दाम स्क्रिप्ट घुसवली असेल, तर तीही चालेल. म्हणून असा प्रत्येक मजकूर ‘एचटीएमएलस्पेशलचार्स’ या फंक्शनमधून गेलाच पाहिजे, आणि तोही छापण्याच्या क्षणी, साठवताना नव्हे.

मराठीत आणखी एक खाच आहे. लांब नावं आखूड करायला अनेक जण ‘सबस्ट्र’ हे फंक्शन वापरतात. ते अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं, आणि यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइटचं. ‘स्मृतिचित्रे’ 20 बाइटवर कापलं, तर ‘स्मृति’नंतर ‘च’चे दोनच बाइट उरतात. असा तुटका मजकूर दिसला की पीएचपी 8.1 च्या आधी ‘एचटीएमएलस्पेशलचार्स’ थेट रिकामा मजकूर परत करत असे. पुस्तकाचं नावच गायब, आणि पानावर चुकीची खूणही नाही! 8.1 पासून तुटक्या जागी प्रश्नचिन्हाची चौकट येते. ‘एमबी_सबस्ट्र’नं बाइट तुटत नाहीत, पण दहा चिन्हांवर कापलं तर ‘स्मृतिचित्’ उरतं, लंगड्या ‘त्’सकट.

तेव्हा नाव पूर्ण छापा आणि जागा अपुरी असेल तर कापण्याचं काम सीएसएसच्या ‘टेक्स्ट-ओव्हरफ्लो’वर सोपवा. आणि चाचणीच्या अ‍ॅरेत ‘स्मृतिचित्रे’ नक्की ठेवा.