पावलावरून पडलेली नावं

गुप्तहेराला अमेरिकी बोलीत ‘गमशू’ म्हणतात. गम म्हणजे रबर. रबरी जोडे घालून चोरपावलांनी पाळत ठेवणाऱ्याला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे नाव चिकटलं. कडक टाच जमिनीवर आपटते ती क्षणार्धात, म्हणून टक्कन वाजते. रबर दबतं, आघात लांबतो आणि तीक्ष्ण आवाज उरत नाही.

‘स्लूथ’ हा शब्द त्याहून जुना. नॉर्स भाषेतल्या ‘स्लोद’चा अर्थ माग. मागावर सोडलेल्या कुत्र्याला स्कॉटलंडात स्लूथ-हाउंड म्हणत. पुढे ते नाव माणसाला मिळालं. गमशू हेराचा जोडा सांगतो, स्लूथ चोराचं पाऊल. मला दुसरा जवळचा वाटतो, कारण आपल्याकडे तपास म्हणजे आधी माग काढणं.

नगर-पुणे भागात पूर्वी हे काम गावच्या जागल्याचं. तो बहुधा रामोशी असे. चोरी झाली की पाऊल काडीनं मोजायचं आणि माग शिवेपर्यंत न्यायचा. पलीकडच्या जागल्याला तो पटला की जबाबदारी त्याच्या गावावर. माग आपल्याच हद्दीत हरवला, तर नुकसानभरपाई गळ्यात. राखणदारांच्या या जबाबदारीविषयी ब्रिटिश प्रशासक माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने लिहून ठेवलं आहे. भरपाईची टांगती तलवार असल्यावर नजर तयार होणारच!

जमिनीचीही साथ लागते. श्रीगोंदा तालुक्यात भीमाकाठी, पेडगावच्या बाजूला, काळी जमीन आहे. काळीतले चिकणमातीचे कण अतिसूक्ष्म. वाफसा असला की अनवाणी पावलाची बोटं न् बोटं उमटतात. चिखलात पाऊल उचलताना कडा ढासळतात, उन्हाळ्यात भेगांत ठसाच धरत नाही. चालणाऱ्याची टाच आधी रुतते. जोरात पळणाऱ्याचा चवडा खोल जातो, पावलांतलं अंतर वाढतं. पाऊल उंचीच्या साधारण 15 टक्के असतं. म्हणजे 25 सेंटिमीटरचं पाऊल सुमारे साडेपाच फुटी माणसाचं. हा अंदाजच, दोन-चार इंच इकडेतिकडे सहज होतात.

न्यायालयाला एवढ्यावर फाशी देववत नाही. प्रीतम सिंग खटल्यात 1956 साली सर्वोच्च न्यायालयानं पाऊलठशांचं शास्त्र प्राथमिक अवस्थेतलं ठरवलं. त्यावर फारसं विसंबता येत नाही, असंही म्हटलं.

आता माग श्वानपथक काढतं. बातमीत ठरलेलं वाक्य असतं: श्वान रस्त्यापर्यंत गेले आणि तिथेच घुटमळले. कुत्रा त्वचेचे गळलेले कण आणि घामाचा वास हुंगतो. चोर मोटारसायकलवर बसला की हे कण वाऱ्यावर विखुरतात आणि तापल्या डांबरावर वासही टिकत नाही.