खाऱ्या पाण्याचा पूल : आधी मोजा, मग टाका

माझा कारोबार कापडाचा. तीस वर्षे भिवंडीच्या बाजारात गेली आणि त्या निमित्ताने डाईंगवाल्यांकडे रोजचे जाणे-येणे राहिले. पोहण्याच्या तलावाशी आपला कधी संबंध येईल असे वाटले नव्हते. पण माझ्या भाच्याने कर्जतजवळ बंगला बांधला, समोर पूल केला आणि शनिवार-रविवारी कुटुंबांना भाड्याने देऊ लागला. पूल खाऱ्या पाण्याचा. "यात औषध टाकावे लागत नाही, मीठ टाका आणि मशीन चालू ठेवा," असे विकणाऱ्याने त्याला सांगितले होते.

मे महिन्यात एका रविवारी पाहुण्यांच्या मुलांचे डोळे लाल झाले. दुसऱ्या दिवशी पाण्यावर हिरवट झाक आली. पाहुण्यांनी पैसे परत मागितले. भाच्याला वाटले मीठ कमी पडले. त्याने ५० किलोची तीन पोती आणखी ओतली, तेव्हा मशीनचा लाल दिवा लागला आणि मशीन बंद पडले. त्याचा फोन आला, "मामू, तुमच्या डाईंगवाल्यांना पाण्यातलं कळतं. कुणाला तरी घेऊन या." मी एका जाणत्या रंगाऱ्याला घेऊन गेलो. तिथे जे शिकलो ते आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांसाठी लिहीत आहे, कारण अशा पुलांची नळजोडणी, फरशी, रेलिंग आणि वायरिंग यांची कामे आपल्याच पोरांच्या हातून होतात.

मशीन काय करते?

पहिला गैरसमज दूर करू. खाऱ्या पाण्याचा पूल म्हणजे क्लोरीन नसलेला पूल नव्हे. मशीनमध्ये टायटॅनियमच्या पट्ट्या असतात. त्यांच्यावर रुथेनियम किंवा इरिडियम धातूच्या ऑक्साइडचा थर असतो. मिठाच्या पाण्यातून वीज गेली की मिठातून क्लोरीन तयार होतो, तो जंतू आणि शेवाळ मारतो आणि काम झाल्यावर बहुतांश पुन्हा मिठाच्या रूपात येतो. म्हणून मीठ खर्च होत नाही. ते जाते फक्त उडालेल्या पाण्यातून, फिल्टर धुण्यातून, गळतीतून आणि पावसात पूल भरून वाहिल्यावर. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये हे तंत्र १९७० च्या दशकापासून घरोघरी पसरले.

मीठ किती लागते? बहुतेक मशीनना लिटरमागे ३ ते ४ ग्रॅम. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम असते. सुती कापडाला गडद रिअॅक्टिव्ह रंग चढवताना डाईंगवाले लिटरमागे ५० ते ८० ग्रॅम टाकतात. त्या हिशेबाने पुलाचे मीठ जिभेला जेमतेम जाणवते.

हिशेब कसा करावा?

भाच्याचा पूल १० मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.२५ मीटर खोल आहे. गुणाकार केला की ५० घनमीटर, म्हणजे ५०,००० लिटर. लिटरमागे ३.२ ग्रॅम धरले तर नव्या पाण्याला १६० किलो मीठ पुरते. एक पोते टाकले की लिटरमागे १ ग्रॅम वाढते. भाच्याचे मीठ ३.२ वर बरोबर होते. तीन पोत्यांनी ते ६.२ वर गेले. मीठ काढण्याचे औषध नाही. जवळजवळ निम्मे पाणी उपसून टँकर मागवावे लागले. कापडाला रंग चढवणे सोपे, उतरवणे महाग, हे मी रोज पाहतो. पाण्याचेही तसेच आहे.

उपसलेले पाणी माळी आंब्याच्या कलमांना सोडणार होता. ते थांबवले. असे खारे पाणी शेतात, विहिरीत किंवा ओढ्यात सोडू नये. ग्रामपंचायतीला विचारून त्याची सोय करावी.

खरी चूक कुठे होती?

रंगाऱ्याने पाणी तपासले तेव्हा पीएच ८.२ निघाला. पीएच ही आम्ल आणि अल्क मोजण्याची पट्टी. डेन्मार्कचे रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी ती १९०९ मध्ये दिली. पुलासाठी ७.२ ते ७.८ ठीक, ७.४ ते ७.६ उत्तम. पीएच वाढला की क्लोरीन असूनही निकामी होतो. स्टॅबिलायझर नसलेल्या पाण्यात ७.४ पीएचला निम्म्याहून जास्त क्लोरीन कामाचा असतो, तर ८.२ ला जेमतेम सहावा हिस्सा. खाऱ्या पुलात पीएच आपोआप चढत राहतो, कारण मशीनमधून हायड्रोजनचे बुडबुडे निघतात आणि त्यांच्याबरोबर पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. "औषध लागत नाही" हे सांगणे इथेच खोटे ठरते. तेजाब, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, अधूनमधून लागतेच.

दुसरी चूक, स्टॅबिलायझर शून्य होते. उन्हात क्लोरीन दोन-तीन तासांत उडून जातो. सायन्यूरिक आम्ल त्याला सावली देते. खाऱ्या पुलात ते लिटरमागे ६० ते ८० मिलिग्रॅम ठेवतात. ५०,००० लिटरला ३ किलो पुरते. ते सावकाश विरघळते, म्हणून कापडी पिशवीत भरून पाणी परत येण्याच्या नळासमोर टांगावे.

आणखी एक गोष्ट. डोळे झोंबणे आणि तीव्र वास येणे याचा अर्थ लोक "क्लोरीन जास्त झाला" असा घेतात. पुष्कळदा उलटे असते. क्लोरीन कमी पडला की घाम आणि लघवी यांच्याशी मिळून जे संयुग बनते त्याचा तो वास असतो.

कोणत्या क्रमाने दुरुस्त करावे?

पहिले, क्षारता. ती लिटरमागे ६० ते ८० मिलिग्रॅम ठेवावी. बोअरच्या पाण्याने भाच्याकडे ती १८० होती. ५०,००० लिटरला ३२ टक्क्यांचे १ लिटर तेजाब टाकले की क्षारता सुमारे १० ने उतरते. म्हणजे एकूण १० लिटर लागणार, पण एकदम नाही. दिवसाला १ लिटर, पंप चालू, पाण्यात कोणी नाही, आणि दर वेळी टाकण्यापूर्वी तपासणी. क्षारता फार कमी झाली तर खाण्याचा सोडा टाकावा. ८४० ग्रॅमने ती १० ने वाढते.

दुसरे, पीएच. क्षारता उतरली की तो ताब्यात राहतो.

तिसरे, पाण्याचा जडपणा. कॅल्शियम २०० ते ४०० मिलिग्रॅम असावे. जास्त असेल तर मशीनच्या पट्ट्यांवर पांढरा थर बसतो. कमी असेल तर पाणी सिमेंट आणि फरशीच्या सांध्यातून चुना ओढते. पाणी थर बसवणारे की चुना खाणारे, हे काढण्याचे सूत्र लँगेलियर यांनी १९३६ मध्ये मांडले. आजही पूलवाले तेच वापरतात.

चौथे स्टॅबिलायझर, आणि मीठ सगळ्यात शेवटी. मीठ शुद्ध, आयोडीन नसलेले घ्यावे. डाईंगचे ग्लाबर सॉल्ट मीठ म्हणून टाकू नये. तो सल्फेट आहे, त्यातून क्लोरीन बनत नाही.

सर्व ठीक झाल्यावर मोकळा क्लोरीन लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम दाखवतो. पावसाळ्यात मीठ, क्षारता आणि स्टॅबिलायझर तिन्ही पातळ होतात, म्हणून मोठ्या पावसानंतर पुन्हा मोजावे.

जिवाचा प्रश्न

आम्ही तिथे असतानाच माळ्याने तेजाबाच्या न धुतलेल्या बादलीत ब्लीचिंग पावडर कालवली. पिवळट वायू निघाला आणि तो खोकत मागे पळाला. उघडी जागा होती म्हणून निभावले. बंद पंपघरात हेच झाले असते तर जीव गेला असता. तेजाब आणि क्लोरीनचे औषध कधीही एकत्र आणू नये, शेजारी ठेवू नये, एका मापाने मोजू नये. तेजाब पाण्यात ओतावे, तेजाबात पाणी कधी नाही. हातमोजे आणि चष्मा वापरणे ही भित्रेपणाची निशाणी नव्हे.

कारागिरांसाठी

रेलिंग करणाऱ्यांनी खाऱ्या पुलाला ३०४ ऐवजी ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील सुचवावे. ३०४ वर लवकर डाग पडतात. काठाला संगमरवर किंवा कोटा बसवला तर सांडलेले तेजाब दगड खाते. हे गिऱ्हाइकाला काम घेतानाच सांगावे. मशीनच्या पट्ट्या पातळ केलेल्या तेजाबाने धुता येतात, पण वारंवार धुतल्या तर मौल्यवान थर झिजतो. पट्टीला लोखंडी सळईने तर कधीच खरवडू नये.

भाच्याने आता एक वही घातली आहे. तारीख, पीएच, क्षारता, मीठ, क्लोरीन आणि काय टाकले ते त्यात लिहितो. दुसऱ्या आठवड्यात तळ स्वच्छ दिसू लागला. शेजारच्या दोन बंगलेवाल्यांनी त्याच वहीवर विश्वास ठेवून आपले पूल त्याच्या हाताखालच्या मुलाला सांभाळायला दिले. तो मुलगा दहावी झालेला प्लंबर आहे. तपासणीची एक पेटी, एक तराजू आणि रोजची नोंद एवढ्यावर त्याचे काम चालते. पाहुण्यांची मुले पाण्यात उतरण्यापूर्वी तो वही उघडतो. आकडा बरोबर नसेल तर मालक काहीही म्हणो, तो फाटक उघडत नाही.